वर की बाहेर?

“ज्या कुणी ही भिंत आखली ना, त्याने पेन्सिल उचलण्याआधी एक रात्र तरी इथे पावसात उभं राहायला हवं होतं. सगळं गाव आत आणि तीन घरं बाहेर! रेघ ओढली, हात झटकले आणि गेला असेल जेवायला.”

क्लबच्या होड्या सांभाळणारा डेस्मंड पार्जेटर हे कुणालाच उद्देशून बोलला नाही. हातातल्या चहाच्या मगाकडे बघत बोलला.

रोइंग क्लबच्या लांबट खोलीत एक हीटर घुरघुरत होता. भिंतीवर जुनी वल्ही टांगलेली, शर्यती जिंकलेल्यांची नावं सोनेरी अक्षरांत, आणि खाली ओल्या बुटांचा ढीग. बाहेर सेव्हर्न नदी चढत होती. एलरफर्ड गावाला पूर नवा नाही. चर्चच्या दाराशी दगडावर प्रत्येक मोठ्या पुराची खूण कोरलेली आहे, आणि गावातली मुलं तिथे पाठ टेकवून आपली उंची मोजतात. नदीकाठी पुराची भिंत झाल्यापासून नवी खूण कोरावी लागलेली नाही. पूर येतो, घाटावरचं पोलादी गेट लागतं, पंप सुरू होतात आणि गाव टीव्ही बघत बसतं.

या वर्षी गेटावर रीस आणि इमोजन होते. दोघंही विशीतले, दोघांचीही पहिलीच वेळ. रीस फोनवर वरच्या पुलापाशी पाणी किती चढलं ते बघत होता.

“गेट आत्ताच लावून टाकू या ना,” तो म्हणाला. “उगाच बारा वाजेपर्यंत कशाला कुडकुडायचं?”

“हाक मारलीस?” डेस्मंडने विचारलं.

“कुणाला? घाटावरच्या पहिल्या दोन घरांत सुट्टीतली गिऱ्हाईकं येतात, तीही जूनमध्ये. तिसऱ्याला कुलूप. कुलपाला हाक मारू?”

इमोजन हसली. डेस्मंड हसला नाही. त्याने मग खाली ठेवला.

“लेन यॅपलाही असंच सांगितलं होतं,” तो म्हणाला. “बाहेर कुणी नाही म्हणून.”

“हां, आता भुताची गोष्ट येणार,” रीस इमोजनच्या कानाशी लागला.

“भुताची की कशाची, ते तू ठरव. मी ऐकीव सांगत नाही, पोरा. दोरी मी धरली होती.”

डेस्मंडने खुर्ची हीटरजवळ ओढली आणि सांगायला सुरुवात केली.

*

चार वर्षं झाली. फेब्रुवारीतला दुसरा रविवार. पाऊस शुक्रवारपासून लागला होता, पण नदीला त्याचं काही नव्हतं. वेल्सच्या डोंगरांत पडलेलं पाणी इथे पोचायला दोन दिवस घेतं. म्हणजे इथला पाऊस थांबला तरी पूर आपला चालत येतच असतो.

लेन यॅप तेव्हा पासष्ट ओलांडलेला. आयुष्यभर दुधाची गाडी चालवलेला माणूस. पहाटे तीनला उठायची सवय, गुडघे गेलेले, बोलणं कमी. गेटाचं काम त्याच्याकडे आलं ते कुणीच घेईना म्हणून. दर वर्षी तो म्हणायचा, हे शेवटचं. दर वर्षी गावातले म्हणायचे, अरे लेन, तुझ्याशिवाय कोण? आणि असं म्हणून सगळे स्वतः घरी जायचे.

त्या रविवारी लेनची ती जागरणाची तिसरी रात्र होती. शुक्रवारी वाळूच्या पिशव्या, शनिवारी एक पंप बंद पडला, आणि रविवारी पाणी घाटाच्या वरच्या पायरीला लागलं. सेंट मेरी चर्चच्या घड्याळात अकराचे ठोके पडले तेव्हा तो भिंतीला टेकून उभ्या उभ्या पेंगत होता. गावच्या पूर समितीतल्या कुणीतरी गाडीची काच खाली करून ओरडून सांगितलं, “लाव रे गेट! बाहेरची ओळ रिकामी आहे, वेळ घालवू नकोस!” आणि काच वर गेली.

आता ही हाकेची रीत काय, ते या मुलांना ठाऊक नसेल. भिंत नव्हती तेव्हा पुराच्या रात्री नावाडी घाटावरच्या घरांपुढून होडी नेत आणि प्रत्येक दाराशी ओरडत, “वर की बाहेर?” म्हणजे माडीवर जाऊन बसताय, की होडीत येताय? माणूस एकतर होडीत यायचा, नाहीतर वरून ओरडायचा, “वर!” आणि माडीच्या खिडकीत दिवा ठेवायचा. दिवा दिसला की सकाळी त्या घरी ब्रेड आणि दूध पोचतं करायचं. पण ज्या घरातून काहीच उत्तर आलं नाही, त्या घराचं दार फोडून आत जायचं. तिथे ‘रिकामं असेल’ चालत नसे. सत्तेचाळीसच्या पुरात कुणीतरी असंच ‘रिकामं असेल’ म्हणून होडी पुढे नेली होती. त्या घरात कोण होतं, ते म्हातारी माणसं आजही मुलांसमोर सांगत नाहीत.

भिंत झाली, होड्या गेल्या, रीत राहिली. गेट लावायच्या आधी गेटवाल्याने घाटावर जायचं, तिन्ही दारांशी हाक मारायची, उत्तर नाही आलं तर हँडल ओढून आत बघायचं, शंका आली तर दार फोडायचं आणि मग परत येऊन गेट लावायचं. कारण एकदा गेट लागलं आणि पाणी त्याला टेकलं, की पाणी उतरेपर्यंत ते कुणाच्या बापाला उघडत नाही. आणि उघडलं तर आतलं गाव बुडतं.

खरं तर गेली कित्येक वर्षं बाहेर एकच बाई राहत होती. मिस विनिफ्रेड हॉडनेट. ओळीतलं शेवटचं घर. शाळेत पोरांना दुपारचं जेवण वाढायची. अर्ध्या गावाला तिने ताटातले वाटाणे संपवायला लावले होते. लेनलासुद्धा. म्हणून लेन म्हातारा झाला तरी तिला मिस हॉडनेटच म्हणायचा, आणि ती त्याला लेनर्ड. त्याला पूर्ण नावाने हाक मारणारी जगात ती एकटीच उरली होती.

दर पुराला हा संवाद ठरलेला.

“मिस हॉडनेट! वर की बाहेर?”

“वर आहे मी, लेनर्ड. जा तू.”

“बरं, मिस हॉडनेट.”

आणि खिडकीत तिचा पितळी दिवा. रॉकेलचा, काचेची उंच चिमणी असलेला, तिच्या आईचा.

तर त्या रात्री कुणीतरी नको म्हणून सांगितलं, तरी लेनचे पाय आपसूक गेटाबाहेर पडले. विचार करून गेला असं नाही. विचार करायची ताकद नव्हती. तीस वर्षं दुधाच्या गाडीवर ज्या पायांनी दारं गाठली, ते पाय निघाले एवढंच.

पाणी बुटांच्या टाचांना लागत होतं. पहिलं घर. “वर की बाहेर?” त्याने हँडल ओढून पाहिलं, खिडकीतून बॅटरी फिरवली. पडदेही नव्हते. दुसरं घर. तेच. तिसऱ्या घराशी तो थांबला. डोळे मिटायला लागले होते. दाराला खांदा टेकवून तो ओरडला,

“मिस हॉडनेट! वर की बाहेर?”

“वर आहे मी, लेनर्ड. जा तू.”

“बरं, मिस हॉडनेट.”

तो वळला. गेटातून आत आला. पोलादी दार ओढलं, चाकं फिरवली, रबराच्या कडा चेपून घट्ट बसल्याचा आवाज ऐकला. शेवटची पकड आवळून, तास-दोन तास पंप बघून झाल्यावर तो वाळूच्या पिशव्यांवर मटकन बसला.

फिश अँड चिप्सच्या दुकानाची पॉलिन मागच्या दाराने चहा घेऊन आली. बाई तोंडाची फटकळ, पण पुराच्या रात्री सगळ्यांना फुकट चहा पाजायची.

“काय रे, मढ्यासारखा बसलास. लागलं गेट?”

“लागलं.”

“बाहेर कोण होतं का?”

“कोण असणार?” लेन चहावर फुंकर मारत म्हणाला. “मिस हॉडनेट फक्त. त्या वर आहेत.”

पॉलिनचा हात हवेतच राहिला.

पंप घरघरत होते. भिंतीच्या पलीकडे पाणी दगडाला थपडा मारत होतं.

“लेन,” ती हळू आवाजात म्हणाली, “आपण त्यांना नोव्हेंबरात पुरलं.”

*

“आईशप्पथ,” इमोजन पुटपुटली.

“आता हसा,” डेस्मंड म्हणाला.

रीसने फोन उपडा ठेवला होता.

*

लेनने शवपेटीला खांदा दिला होता. उजव्या बाजूने, मागून दुसरा. कॅनडाहून आलेल्या भाचीने नंतर तो पितळी दिवा त्याच्याच हातात ठेवला होता. मावशीने सांगून ठेवलंय म्हणाली, दिवा लेनर्डला द्यायचा. दिवा लेनच्या घरी, वरच्या आळीत, शेकोटीवरच्या फळीवर होता. त्यात कधी तेल घातलं नव्हतं. त्याची बायको मॉरीन त्याच्यावर रोज कुरकुरायची, की धूळ पुसायला अजून एक वस्तू आणलीस.

हे सगळं त्याला ठाऊक होतं. पेंगलेल्या माणसाला फक्त तोंडाची सवय आठवते, बाकीचं मागून येतं. आता ते मागून आलं. चहा सांडला.

“घरी जा,” पॉलिन म्हणाली. तिचा आवाज आता फटकळ नव्हता. “तीन रात्री झोप नाही. माझा बाप मेला तेव्हा मीही आठवडाभर त्याच्या खोकल्याचा आवाज ऐकत होते. होतं असं. जा, झोप.”

लेन उठला. झोपायला जावं असं त्यालाही फार वाटलं. शरीरातलं एकेक हाड तेच सांगत होतं. गेट लागलंय. गाव कोरडं आहे. उत्तर मिळालंय.

पण उत्तर कुणाचं?

तो चार पावलं गेला आणि थांबला. लेन काही फार शिकलेला माणूस नव्हता, पण दुधाची गाडी चालवणाऱ्याला दारं कळतात. कुठल्या दारामागे माणूस आहे आणि कुठल्या नाही, ते कळतं. उत्तर आलं तर घर सोडायचं, उत्तर नाही आलं तर दार फोडायचं, ही रीत. मग मेलेल्या माणसाचं उत्तर धरायचं का? आणि ते धरायचं नसेल, तर त्या घरातून उत्तर आलंच नाही. आणि उत्तर आलं नसेल, तर ते दार न फोडताच तो गेट लावून मोकळा झाला होता.

आणि तिसऱ्या दाराचं हँडल त्याने ओढून पाहिलं नव्हतं. पहिल्या दोन दारांचं पाहिलं. तिसऱ्याचं नाही. तिथे उत्तर आलं म्हणून.

तो परत फिरला.

“आता कुठे?” पॉलिन ओरडली.

“भिंतीवर.”

“अरे, वेड लागलंय का तुला?”

त्याने शिडी भिंतीला लावली. गुडघे करकरले. पॉलिनने शिव्या देत शिडी खालून धरली. वर चढून तो भिंतीच्या माथ्यावर पोटावर आडवा झाला आणि बॅटरी पलीकडे धरली.

घाट नव्हता. मगाशी जिथे तो चालला होता तिथे काळं पाणी होतं. वेगाने जाणारं. फांद्या, एक निळा पिंप, कुणाचीशी बागेतली खुर्ची. ओळीतल्या घरांची दारं अर्धी पाण्याखाली.

शेवटच्या घराच्या माडीच्या खिडकीत दिवा होता.

पिवळा. स्थिर.

लेनने बॅटरी विझवली. दिवा तसाच राहिला.

“काय दिसतंय?” खालून पॉलिन.

त्याच्या मागे तीन पंप डिझेलवर ओरडत होते. खालच्या पॉलिनचं बोलणंही त्याला धड ऐकू येत नव्हतं. इतक्या गोंगाटात, पाण्यापलीकडच्या बंद घरात, हाक ऐकू जाणं शक्य नव्हतं. त्याने तरीही मारली.

“मिस हॉडनेट...”

पुन्हा.

“मिस हॉडनेट! वर की बाहेर?”

काही नाही.

पाणी.

पंप.

आणि मग अगदी जवळून, शाळेतल्या लांब टेबलापलीकडून यावा तसा, थकलेला, जरासा वैतागलेला आवाज...

“मी वर आहे, लेनर्ड.”

लेनने भिंतीची कड धरली.

“...ती खाली आहे.”

दिवा गेला.

*

शिडीवरून लेन कसा उतरला, ते पॉलिनलाही नंतर सांगता आलं नाही. तो धावत रोइंग क्लबवर आला. हो, इथेच. क्लब चढावर आहे, भिंत इथे संपते, त्यामुळे इथून होडी बाहेरच्या बाजूला काढता येते. डेस्मंड इथे होड्या बांधत होता. लेनच्या तोंडाकडे बघून त्याने काहीही विचारलं नाही. अग्निशमनवाल्यांना फोन केला तर ते वरच्या गावात अडकलेले, तासभर तरी लागेल म्हणाले. मग त्याने चपटी होडी सोडली, एक लांब दोरी क्लबच्या खांबाला बांधली आणि सैल सोडत गेला. लेन भिंतीला वल्हं टेकवत, होडी घासत, ओळीच्या शेवटापर्यंत गेला.

तिसऱ्या घराची खालची खिडकी त्याने वल्ह्याने फोडली. बॅटरी आत धरली.

आत एक बाई स्वयंपाकाच्या टेबलावर उभी होती. पाणी टेबलावर चढून तिच्या पोटऱ्यांना लागत होतं. डोकं छताच्या तुळईला टेकलेलं. दोन्ही हातांनी तुळई धरलेली. ओरडून ओरडून तिचा आवाज गेला होता, नुसते ओठ हलत होते.

ती डेनीस होती. डेनीस क्रम्प. पन्नाशीची, गावच्या वृद्धाश्रमात दिवसपाळी करणारी. मिस हॉडनेटच्या शेवटच्या दोन वर्षांत सकाळ-संध्याकाळ तिच्याकडेही जायची. अंघोळ, औषध, सूप. किल्ली तेव्हाची.

तिच्या घरमालकाने खोल्या सुट्टीतल्या गिऱ्हाइकांना द्यायच्या ठरवल्या आणि जानेवारीत तिला बाहेर काढलं. दुसरं घर तिच्या पगारात बसेना. म्हणून गेले काही आठवडे ती काम आटोपलं की इथे यायची, दिवा न लावता खालच्या सोफ्यावर पडायची आणि उजाडायच्या आत निघून जायची. दुसऱ्यांच्या आई-बापांना दिवसभर या कुशीवरून त्या कुशीवर वळवणारी बाई, आणि तिला स्वतःला पाठ टेकायला पाठीमागून घुसावं लागत होतं. गावात कुणाला पत्ता नव्हता. पत्ता नसावा म्हणूनच ती धडपडत होती. चोर म्हणतील याचीच तिला जास्त भीती होती, पाण्याची कमी.

लेनने तिला खिडकीतून ओढून होडीत घेतलं. आपला कोट तिच्याभोवती गुंडाळला. डेस्मंड दोरी ओढत होता. होडी अर्ध्या वाटेवर आली तेव्हा तिला बोलता यायला लागलं. दात वाजत होते.

“मी ऐकली होती... तुमची हाक,” ती म्हणाली. “मगाशी. दाराशी.”

“मग बोलला का नाहीत, बाई?”

“कुणाला कळेल म्हणून... वाटलं, जाल तुम्ही. मी गप्प पडून राहिले. आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा सोफा तरंगत होता.”

“मग जिन्याने वर का नाही गेलात?”

“फ्रिज... फ्रिज तरंगला आणि जिन्याच्या दारात जाऊन आडवा अडकला. हलेना. आणि...” ती थांबली. “त्यांच्या पलंगावर नाही झोपवत मला. म्हणून आधीपासून खालीच.”

लेन वल्ह्याने भिंत ढकलत राहिला.

मग तिने कोटातून मान बाहेर काढली आणि त्याच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पुरापेक्षा वेगळी काहीतरी भीती होती.

“मी तर बोललेच नाही,” ती म्हणाली. “घरात चिटपाखरू नव्हतं. तुम्ही हाक मारलीत... आणि जरा थांबलात... आणि म्हणालात, ‘बरं, मिस हॉडनेट.’”

लेनचं वल्हं भिंतीवरून घसरलं.

“कुणाला म्हणालात?”

लेनने वल्हं पुन्हा भिंतीला टेकवलं.

डेस्मंड दोरी ओढत राहिला.

*

हीटर बंद करून डेस्मंडने पुन्हा लावला. रीसने खुर्चीखालून बूट ओढले आणि घालायला लागला.

“कुठे?” इमोजनने विचारलं.

“हाक मारून येतो,” रीस म्हणाला. “तिन्ही दारांना. हँडल पण बघतो.”

“मीही येते. एकटा जाऊ नकोस.” ती उठली, मग पुन्हा डेस्मंडकडे वळली. “पण डेस्मंड, त्या वाचल्या ना? डेनीस?”

“वाचली. सेंट मेरीच्या मागे खोली मिळाली तिला, वर्षभराने. पॉलिनने अख्ख्या समितीला दुकानात चिप्स द्यायचं बंद केलं, तेव्हा कुठे मिळाली.” तो हसल्यासारखा झाला. “त्या रात्री तिला काही न विचारता लोकांनी घोंगड्या आणल्या, सूप आणलं. चोर कुणीच म्हणालं नाही. तिने आधी सांगितलं असतं तर काय म्हणाले असते, ते मात्र मला विचारू नकोस.”

“आणि वर? माडीवर कोण होतं?”

“पाणी उतरल्यावर लेन आणि मी पहारीने फ्रिज काढला. जिना चढून वर गेलो. पलंग नीट लावलेला. जमिनीवर धूळ, तीन महिन्यांची. त्या धुळीवर पहिली पावलं उमटली ती आमची.”

“मग खिडकीत जळत होतं ते?”

दाराशी उभ्या राहिलेल्या रीसने कडीवरचा हात काढला.

“त्या सकाळी लेन घरी गेला,” डेस्मंड म्हणाला. “अंगात त्राण नव्हतं. दार त्याने स्वतःच्या किल्लीने उघडलं. मॉरीन रात्रभर घरात एकटी, दाराला कुलूप, ती गाढ झोपलेली. तो पोचला तेव्हा ती स्वयंपाकघरात टोस्ट भाजत होती. त्याने बूट काढले. शेकोटीपाशी गेला. फळीवर दिवा होता, जिथे ठेवला होता तिथेच. फक्त चिमणी वरपर्यंत काजळीने काळी झालेली. आणि दिव्याच्या बुडाखाली... ओलं होतं.”

“त्याने काय केलं?”

“उभा राहिला. काय करणार? बोलली ती मॉरीन. पाठमोरीच. तिला रात्रीचं काहीच ठाऊक नव्हतं. तिची रोजचीच कुरकुर.”

“काय बोलली?”

“म्हणाली, ‘दिवा घेऊन जायचा होतास तर जायचास, लेन, पण परत ठेवताना बुड तरी पुसायचंस. सगळ्या फळीवर नदीचा गाळ झालाय.’”